त्रेचाळीस मिलिसेकंद

माणसाच्या अगदी नाकासमोर जे असतं ते त्याला दिसत नाही, हे सत्य फार जुनं आहे. त्यावर उपाय म्हणून ती वस्तू नाकालाच बांधावी, हा विचार मात्र त्या मानाने नवा आहे, आणि त्याचा पहिला यशस्वी प्रयोग नकला विभागात झाला.

नकला विभागाचं काम सोपं होतं. कुणाला जुन्या दस्ताची नक्कल हवी असली की त्याने अर्ज करायचा. विभागाने मूळ दस्त शोधायचा, संगणकावर उतरवून काढायचा, त्यावर ‘मुळाप्रमाणे नक्कल’ असा शिक्का मारायचा आणि देऊन टाकायचा. एवढ्याला सरासरी एकोणीस महिने लागत. (त्यातले अठरा महिने अर्ज येणं आणि दस्त शोधायला उठणं या दोन पायऱ्यांच्या मधे जात. पण मधल्या जागेला पायरी म्हणत नाहीत, त्यामुळे तिची जबाबदारी कुठल्याच टेबलावर नव्हती.)

टेबलं सोळा होती आणि प्रत्येकावर एक संगणक. चौथ्या टेबलावर आवक-जावक नोंदणाऱ्या बाई बसत. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, बाकी सगळे त्यांना जावकबाई म्हणत. आवकही त्याच सांभाळत, पण नाव पाडावं इतकं चांगलं काही त्या विभागात आत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

जावकबाईंना जगाकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे बदली. त्यांची आई साडेचार तासांवरच्या एका गावात, धाकट्या भावाकडे होती. तिला अर्धांगवायू झाला होता. वाचा जवळजवळ गेलेली, पण माणसं ओळखायची. भाऊ एक दिवसाआड फोन करी आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी एवढंच म्हणे, “अक्का, ती दाराकडे बघत असते गं.” त्याच गावात विभागाची एक लहानशी शाखा होती आणि तिथला लिपिक निवृत्त होत होता. म्हणजे जागा एकच. बदलीचे अर्ज तीन वर्षांतून एकदा, दहा दिवस, आणि फक्त कार्यालयातल्या आपापल्या संगणकावरून घेतले जात. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचला दार बंद. मग पुन्हा तीन वर्षं. आईकडे तीन वर्षं नव्हती, हे डॉक्टर सोडून सगळ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

नेमके त्याच सुमारास साहेब एका प्रदर्शनाला जाऊन आले.

तिथे एका विक्रेत्याने त्यांच्या डोळ्यांवर एक काळी पेटी बांधली. पेटीत साहेबांना संगणकाचा पडदा दिसला. चांगला दुमजली घराएवढा, डोंगरमाथ्यावर अधांतरी तरंगणारा.

“हा संगणक आहे कुठे?” साहेबांनी विचारलं.

“हा काय साहेब, तुमच्या शेजारीच.”

“म्हणजे शेजारचा संगणक इथे बसून दिसतो?” साहेब थक्क झाले. “आणि मधे तार नाही?”

“अजिबात नाही.”

साहेब परत आले ते वेगळेच माणूस होऊन. पंधरवड्याच्या आत सोळा पेट्या आणि एक परिपत्रक आलं. परिपत्रकात पेटीचं नाव ‘शिरोदर्शक यंत्र’ असं होतं. लोक तिला झापड म्हणू लागले. (घोड्याला झापड लावतात ती त्याने सरळ चालावं म्हणून. इथे चालण्याची अट नव्हती.) परिपत्रकातले ठळक मुद्दे असे:

१) यापुढे कर्मचाऱ्याने टेबलावरील संगणकाकडे थेट पाहू नये. तोच पडदा बिनतारी पद्धतीने यंत्रात येईल, तो तिथे पाहावा. कळफलकही यापुढे यंत्रालाच जोडलेला राहील.

२) लिपिकांसाठी पडदा दोनशे इंच राहील. (टेबलावरचा वीस इंचांचा होता. त्यामुळे काम दहापट होईल, असं गणित सोबत जोडलं होतं आणि ते तपासून पाहता बरोबर होतं.)

३) पडद्यामागचा देखावा हुद्द्यानुसार मिळेल. लिपिकांना रिकामी खोली, मुख्य लिपिकांना तळ्याचा काठ, साहेबांना डोंगरमाथा. वरच्या हुद्द्याचा देखावा पाहताना आढळल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल.

४) कळफलक, चहाचा कप वगैरे वस्तू शोधण्यासाठी यंत्राच्या पुढे दोन कॅमेरे आहेत. त्यातून आजूबाजूचं जग साधारण सत्तर टक्के स्पष्ट दिसतं. (यंत्र काढलं की तेच जग शंभर टक्के दिसतं, पण त्यात कसलंच तंत्रज्ञान नसल्याने परिपत्रकात त्याचा उल्लेख नाही.)

‘बिनतारी’ हा शब्द वाचून विभागाच्या वायरमनला वाटलं, आपली नोकरी गेली. यंत्रं बसवायला आलेल्या तज्ज्ञाला त्याने भीत भीत विचारलं, “सगळं बिनतारीच का हो?”

“पूर्ण बिनतारी,” तज्ज्ञ म्हणाला. “तुम्ही फक्त प्रत्येक संगणकापासून या राउटरपर्यंत एकेक वायर ओढा. संगणक तारेने बांधलेला असला तरच हवेतून नीट जातं.”

“आधी तर हे संगणक वायफायवरच चालायचे.”

“तेव्हा ते बिनतारी नव्हते.”

वायरमनने सव्वातीनशे मीटर वायर ओढली आणि बिनतारी युगात आपण सुरक्षित आहोत अशी त्याची खात्री पटली. पुढे कळलं की माणसाच्या अंगात पाणी फार असतं आणि लहरी पाण्यात बुडतात, म्हणून राउटर आणि टेबलं यांच्या मधून माणसाने उभ्याने जाऊ नये. तशी दारावर पाटी लागली: ‘लहरी चालू आहेत. अर्जदारांनी वाकून यावे.’ पहिल्याच महिन्याच्या अहवालात नोंद झाली की विभागात येणाऱ्या नागरिकांच्या नम्रतेत चौसष्ट टक्के वाढ झाली आहे.

आता जी गोष्ट घडली ती दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात घडली नसती, कारण दुसरीकडे लोक इतकं बिनचूक काम करत नाहीत.

यंत्राला संगणक सापडावा म्हणून प्रत्येक संगणकाला एक नाव द्यायचं होतं. तज्ज्ञाने त्यासाठी एक तक्ता दिला. तक्त्याच्या वर नमुना म्हणून छापलं होतं: ‘माझा संगणक’. तक्ता भरायचं काम मुख्य लिपिकांकडे आलं. त्यांना सगळे शिक्केबापू म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी कधी कान्याचा मात्रा होऊ दिला नव्हता. समोर जे असेल ते तसंच्या तसं उतरवायचं, हा त्यांचा बाणा. त्यांनी सोळाही ओळींत सुंदर अक्षरात ‘माझा संगणक’ लिहिलं, खाली ‘मुळाप्रमाणे नक्कल’ असा शिक्का मारला आणि तक्ता परत केला. तज्ज्ञ घाईत होता. त्याने शिक्का बघितला आणि नावं चढवली.

दुसऱ्या दिवसापासून झापड चढवली की प्रत्येकाला हवेत सोळा ओळींची यादी दिसे. सोळा वेळा ‘माझा संगणक’. ज्याला जो बरा वाटला तो त्याने निवडला, आणि प्रत्येकाला यादीत लिहिल्याप्रमाणे आपलाच संगणक मिळाला.

महिनाभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. यावर विश्वास बसत नसेल तर तुम्ही कार्यालयात काम केलेलं नाही. सगळ्या संगणकांवर तेच अर्ज, त्याच अवस्थेत पडलेले. एका लिपिकाला आपल्या संगणकात अनोळखी लोकांच्या सहलीचे फोटो सापडले. त्याने ते चार दिवस निरखून पाहिले आणि आपणही त्या सहलीला गेलो होतो, असं ठरवलं. सर्वांत मोठी प्रगती पाचव्या टेबलावर दिसली. तिथे रजाकाका बसत. सेवापुस्तकात त्यांच्या नावावर आईच्या आजारपणासाठी घेतलेल्या रजांच्या सदतीस नोंदी होत्या. (आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती. रजाकाकांनी ही बातमी आस्थापना शाखेला देऊन तिला दुःखी केलं नव्हतं.) उरलेल्या दिवशी ते कार्यालयात झोपत. झापड आल्यापासून त्यांना त्यासाठी मान खाली घालावी लागत नसे. आणि तरी त्यांच्या संगणकावरून महिन्यात एक्केचाळीस नकला निघाल्या होत्या, कारण जावकबाई रोज तोच निवडत. यादी टेबलांच्या क्रमाने नव्हती, पण तीत तो चौथा होता आणि त्यांचं टेबलही चौथं, म्हणून. जावकबाईंच्या संगणकावर कोण होतं हे अखेरपर्यंत कळलं नाही, पण तिथे पत्त्यांचा डाव फार चांगला रंगत असे.

साहेबांना मात्र एक काळजी लागून राहिली होती. तज्ज्ञाने मोजून सांगितलं होतं की टेबलावरच्या पडद्यावर जे होतं ते झापडीत दिसायला त्रेचाळीस मिलिसेकंद लागतात.

“विलंब?” साहेब म्हणाले. “माझ्या विभागात?”

तातडीने विलंब निवारण समिती नेमली गेली. चाळीसच्या खाली यायचं, असं उद्दिष्ट ठरलं. समितीच्या सातव्या बैठकीच्या वेळी एक निवृत्त मास्तर कमरेत वाकून आत आले आणि म्हणाले, “साहेब, माझ्या अर्जाला सव्वीस महिने झाले हो.”

“आजोबा, आणखी वाका,” साहेब कळकळीने म्हणाले. “तुमच्यामुळे शेहेचाळीस झाले.”

असा सगळा सुरळीत कारभार चालू असताना बदलीच्या अर्जांचा दहावा दिवस उजाडला. जावकबाई डॉक्टरांच्या दाखल्यासाठी खोळंबल्या होत्या. दुपारी चारला भावाने दाखल्याचा क्रमांक फोनवर सांगितला, आणि बाईंनी झापड चढवून अर्ज उघडला. अर्जदाराचं नाव आणि सेवाक्रमांक संगणक स्वतःच भरत असे, माणसाकडून चूक होऊ नये म्हणून. ते नाव अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात वर होतं. दोनशे इंचांच्या पडद्यावर डावा वरचा कोपरा म्हणजे साधारण माणसाच्या खांद्यामागे, छताजवळ. तिथे बघायला मान वळवावी लागली असती, आणि झापडीचं वजन सहाशे ग्रॅम होतं. एवढ्यासाठी कोण मान वळवतो? शिवाय आपलं नाव काय, हे बाईंना माहीत होतं.

त्या वेळी कार्यालयात उघड्या डोळ्यांनी फिरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे वायरमन. तो कुठल्याच हुद्द्यात बसत नसल्याने त्याच्या वाट्याला झापड आली नव्हती. टेबलांवरचे जुने पडदे चालूच होते, कारण ते बंद करा असा आदेश नव्हता. जावकबाईंनी आपला पडदा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, जेवणाच्या डब्याला जागा व्हावी म्हणून. रजाकाकांचा होता तसाच होता. रजाकाका वस्तू हलवत नसत.

“बाई,” वायरमन जावकबाईंच्या कानाशी येऊन कुजबुजला, “एक सांगू का? रजाकाका बदली मागतायत.”

“रजाकाका? अहो, ते कूस बदलत नाहीत, बदली कुठली मागतायत!”

“अहो, खरंच. त्यांच्या पडद्यावर अर्ज चाललाय. आत्ता गावाचं नाव पडलं.”

“कुठलं गाव?”

वायरमनने सांगितलं. तेच गाव. एकच जागा, आणि रजाकाका सेवेत अकरा वर्षांनी मोठे.

“कारण काय लिहिलंय? बघून या, बघून या.”

वायरमन वाकून पाचव्या टेबलाशी गेला आणि वाकूनच परत आला. “आई. अर्धांगवायू. अंथरुणाला खिळून.”

“मेल्याला लाज कशी नाही!” जावकबाई झापडीतल्या झापडीत लालबुंद झाल्या. “स्वतःची सदतीस वेळा आजारी पाडली, ती पुरली नाही म्हणून आता माझी चोरतोय! कुठवर आलाय?”

“तुम्ही कुठवर आलात?”

“दाखल्याचा क्रमांक.”

“तेही तिथंच.”

जावकबाईंची बोटं सुटली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतक्या वेगाने टाइप केलं नव्हतं. “आता?”

“तेही सुटलेत, बाई. काकांचा हात असा चालतो, माहीत नव्हतं.”

“दिसतायत कसे?”

“झोपल्यासारखे. घोरतायत.”

“सोंग! सगळं सोंग! टाइप करतायत ना?”

“आत्ता थांबलेत. तुम्ही बोलायला लागलात तसे थांबले.”

“बघा! कान सगळे इकडे आहेत.”

बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि उरलेल्या अकरा ओळी एका दमात भरल्या. चार छप्पन्नला त्यांनी ‘दाखल करा’ दाबलं. पाचव्या टेबलाशी उभा असलेला वायरमन ओरडला, “त्यांनीही दाबलं!”

“आधी कोण?”

“तुम्हीच, बाई! अगदी केसभर.”

जावकबाईंनी झापड काढली, डोळे पुसले आणि भावाला फोन लावला. “भरला रे. एकाला मागे टाकून भरला. आईला सांग, येते म्हणून.”

“सांगतो,” भाऊ म्हणाला. “तिने ऐकलं बहुतेक. हसली बघ, अक्का.”

तीन आठवड्यांनी आदेश आला. रजाकाकांची, त्यांच्याच विनंतीवरून, आईच्या गंभीर आजारपणास्तव, त्या गावी बदली करण्यात येत होती. आस्थापना शाखेने नोंद केली होती की अर्जदाराच्या आईची प्रकृती बरीच वर्षं तोळामासा असल्याचं सेवापुस्तकावरून दिसतं, त्यामुळे वेगळ्या चौकशीची गरज वाटली नाही. त्या जागेसाठी दुसरा अर्जच नव्हता.

रजाकाकांना उठवून आदेश दाखवला तेव्हा ते किंचाळले. “मी? मी कधी मागितली? तिथे माझं आहे कोण?”

“आई आहे,” शिक्केबापूंनी मूळ आदेश वाचून सांगितलं.

“तसं नसेल तर लेखी द्या,” साहेब म्हणाले. “आई आजारी नाही असं लिहा. का नाही, केव्हापासून नाही, तेही लिहा. लगेच रद्द करतो.”

रजाकाकांनी मनातल्या मनात सदतीस नोंदी मोजल्या आणि सामान बांधायला घेतलं.

संध्याकाळी जावकबाई सुन्न बसून होत्या. वायरमन त्यांच्या आणि पाचव्या टेबलाच्या मधे उभा राहून दोन्हीकडे आळीपाळीने बघत होता. “बाई,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही बोलायला लागलात की काकांचा टाइप थांबायचा, नाही का?”

“हो.”

“आणि तुम्ही सुटलात की तेही सुटायचे.”

जावकबाईंनी डबा उचलला आणि भिंतीकडे तोंड केलेला आपला पडदा फिरवला; त्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता.

दुसऱ्या दिवशी जावकबाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी डोंगरमाथ्यावरून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अन्याय झाला आहे, हे त्यांनी मान्य केलं. उपायही सोपा होता. तो अर्ज आपण भरला हे सिद्ध करायला बाईंनी त्या अर्जाची अधिकृत नक्कल जोडायची. नक्कल नकला विभागात मिळते. ती फक्त मूळ अर्जदाराला देता येते, म्हणजे रजाकाकांना. ते मागतील तेव्हा सरासरी एकोणीस महिन्यांत मिळेल. “आणि विभाग आपलाच आहे,” साहेब म्हणाले, “त्यामुळे तुम्ही अजिबात काळजी करू नका.” विलंब निवारण समितीनेही प्रकरणाची दखल घेतली. विलंब एकोणचाळीसवर आणल्याचं जाहीर करून तिने स्वतःला बरखास्त केलं. (दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्रेचाळीस झाला, पण तेव्हा समिती नव्हती.)

तरी साहेब माणूस मऊ मनाचा. त्यांनी खास बाब म्हणून जावकबाईंचा देखावा बदलून दिला. भावाने आईच्या खोलीचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठवले आणि तज्ज्ञाने ते झापडीत बसवले. आता बाईंनी यंत्र लावलं की त्या रिकाम्या खोलीत नसतात, आईच्या खोलीत असतात. औषधांचं कपाट, खाट, खाटेवर आई. आई दाराकडे बघते आहे, आणि फोटो दारातून काढलेला असल्याने ती थेट जावकबाईंकडेच बघते. फक्त दोनशे इंचांचा पडदा बरोबर खाटेवर येतो. तो बाजूला सरकवला की आई दिसते. पण पडद्यावर काम असतं.

परवा भावाचा फोन आला. बाईंनी झापड न काढता चाचपडत उचलला.

“अक्का, तुमचे ते काका आलेत. रोज येतात. आईचा हात धरून बसतात. इथे ऑफिसात झोप लागत नाही म्हणतात, उजेड फार आहे. तिच्या आजारपणासाठी रजाच टाकलीये त्यांनी.” (सेवापुस्तकातली अडतिसावी नोंद, आणि पहिली खरी.) “तू कधी येतेस?”

“अरे, मी तिच्यासमोरच तर आहे,” जावकबाई म्हणाल्या. “एवढी एक नक्कल काढते आणि बघते.”

आता या बाईंना काय म्हणावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो रास्त आहे. वाचता वाचता तुम्ही दोन वेळा हसलात आणि एकदा चुकचुकलातही. पण मघाशी, साधारण मास्तर वाकून आत आले तेव्हा, आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही मान न वळवता “आलोच” म्हणालात. त्याला त्रेचाळीस मिलिसेकंद केव्हाच होऊन गेले.